मदत हवी आहे: सरकी ढेप आणि म्हशीचं दूध
आमच्या दोन म्हशींना रोज दोन-दोन किलो सरकी ढेप (कापसाच्या बियांची पेंड) भिजवून देतो आणि दीड वर्षाची मुलगी तेच दूध पिते. साधा बीटी कापूस (बोंडअळीला तोंड देणारा, जनुक बदललेला) २००२ पासूनच आहे, त्याची मला तेवढी भीती नाही, पण आता आमच्याकडे सर्रास एचटीबीटी (तणनाशक सहन करणारा बीटी कापूस) लावतात, परवानगी नसताना, आणि उभ्या पिकावर ग्लायफोसेट हे तणनाशक मारतात. मिलवाला म्हणे सरकी सगळी मिक्सच येते, पोत्यावर नुसते प्रोटीन-फॅटचे आकडे. जनावरांच्या डॉक्टरांनी बुरशी बघायला सांगितली, तशी काही नाहीये. ढेप बंद केली तर दुधाची फॅट लगेच पडली. तर ढेपेतलं ग्लायफोसेट दुधात उतरतं का, आणि टेस्ट ढेपेची करू की दुधाची?