‘ई-डीएनए’ला मराठीत काय म्हणायचं?

पाणकावळा
नदीतल्या माशांच्या पाहणीचं माहितीपत्रक मराठीत करतोय. वाचणार भोई आणि नदीकाठचे शेतकरी. पद्धत अशी: लिटर-दोन लिटर पाणी अगदी बारीक गाळणीतून गाळायचं, गाळणीवर जे राहील त्यातून डीएनए वेगळा काढायचा आणि तो कुठल्या माशांचा ते आधीच्या नोंदींशी ताडून बघायचं. अंगावरचा चिकटा, खवले, विष्ठा यांतून तो पाण्यात येतच असतो. जाळं नको, मासा मारायला नको. इंग्रजीत याला एन्व्हायर्नमेंटल डीएनए म्हणतात, लघुरूप ई-डीएनए. मी ‘ई-डीएनए’ तसंच ठेवलं होतं. कच्चा मजकूर एका भोईकाकांना दाखवला तर ते म्हणाले, “हे ई-पीक पाहणीसारखं मोबाइलवर भरायचं का?” मग ‘पर्यावरणीय डीएनए’ केलं, तर संपादकबाई म्हणतात पर्यावरणाला कुठला आलाय डीएनए. सुचवा काहीतरी.

कोशकीटक
संपादकबाईंचं बरोबर आहे. ‘पर्यावरणीय’ हा शब्द आता मंजुरी आणि दाखला यांच्याच आधी शोभतो. ‘परिसर-डीएनए’ म्हणा. परिसर अभ्यास शाळेत सगळ्यांनी केलाय.

रिकामटेकडा
म्हणूनच नको. ‘सांडलेला डीएनए’ कसा वाटतो?

मोडीवाला
सांडायचं-लवंडायचं कशाला, ‘माग’ हा तयार शब्द पडलाय. माग-डीएनए. संस्कृत मार्ग, प्राकृत मग्ग, मराठी माग, मागोवाही त्यातलाच. पेशवाईत चोरी झाली की गावचा राखणदार चोराचा माग काढत शिवेपर्यंत जायचा. माग शीव ओलांडून गेला की तो पुढच्या गावाच्या गळ्यात, भरपाईसकट. नदीतही हाच न्याय. खालच्या गावात सापडलेला डीएनए वरच्या गावच्या माशाचा असू शकतो, प्रवाहाबरोबर तो काही किलोमीटर वाहत येतो.

यंत्रमाग
आमच्या इचलकरंजीत हे पत्रक वाटू नका. लोक विचारतील डीएनएचं कापड मीटरने देणार का.

मोडीवाला
तो माग वेगळा आणि हा वेगळा. संदर्भ नावाची काही चीज असते.

पेट्रीबशी
शब्दाआधी वस्तू बघू या का? मी हेच काम करते. माग म्हटलं की जनावर स्वतः इथून गेलं असा अर्थ होतो. इथे तशी हमी नसते. पुण्याच्या खाली मुठेचं पाणी गाळून बोंबलाचा डीएनए निघाला, तर मुठेत बोंबील पोहतो असं लिहाल का? तो कुणाच्या तरी ताटातून नाहीतर मासळी बाजाराच्या सांडपाण्यातून आलेला. म्हणून आम्ही प्रत्येक ठिकाणी हातमोजे बदलतो, आणि शुद्ध पाण्याची एक बाटली सोबत नेऊन तीही गाळतो. त्यात मासा निघाला तर घोळ आमच्याच हातांचा. मासा आहे एवढं कळतं. किती आहेत ते धडपणे कळत नाही. जमेची बाजू अशी की गोड्या पाण्यात डीएनए फार टिकत नाही, काही दिवस, फार तर दोनेक आठवडे. म्हणजे जे मिळालं ते ताजं. मी ‘अंश’ म्हणेन.

कोशकीटक
अंश-डीएनए म्हणजे अर्धवट डीएनए वाटतो.

पेट्रीबशी
असतोच की अर्धवट. तुकडेच मिळतात.

घाटमाथा
शब्द काहीही ठेवा, पण महाडजवळच्या वाळणकोंडीत हे करून बघाच. तिथले मासे देवीचे, त्यांना कुणी हात लावत नाही. बाटलीभर पाणी नेलं तर देवीही काही म्हणणार नाही.

पाणकावळा
पत्रक शुक्रवारी छापायला जातंय. माग की अंश?

शुद्धमती
त्याआधी एक मोठी चूक दुरुस्त करा. अशा पत्रकांत हमखास ‘माशांच्या प्रजाती’ असं छापलेलं असतं. विश्वकोशातल्या वनस्पतींच्या जुन्या नोंदी काढून बघा: प्रजाती म्हणजे जीनस, तिच्या पोटात अनेक जाती. स्पीशीजला मराठीत जाती हाच शब्द. ‘प्रजाती’ हिंदीतून आली आणि वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतली.

रिकामटेकडा
गावात जाऊन ‘तुमच्या नदीतल्या जाती मोजायला आलोय’ म्हणून बघा. चहा मिळतो का तेही कळवा.

शुद्धमती
म्हणून शास्त्राचा शब्द सोडायचा? मग जीनसला काय म्हणणार?

पेट्रीबशी
वंश. बोलताना आम्ही सरळ जीनस म्हणतो आणि आजवर कुणाचं अडलेलं नाही. कॅनडातल्या गुएल्फ विद्यापीठाच्या पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये ‘डीएनए बारकोड’ची कल्पना मांडली, प्राण्यांच्या एका जनुकाचा साधारण साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचून ओळख पटवायची. त्या बारकोडला ‘पट्टीसंकेत’ म्हणावं असा कुणाचा आग्रह आहे का?

शुद्धमती
माझा आहे.

मोडीवाला
मूळ मुद्दा बाजूला राहतोय. २०१८ मध्ये स्कॉटलंडच्या लॉक नेस सरोवराचं पाणी असंच तपासलं होतं, न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाचे नील गेमेल यांनी. त्यात राहतो म्हणतात तो दंतकथेतला राक्षस सोडा, सरपटणाऱ्या प्राण्याचा मागमूस लागला नाही. बघा, ‘मागमूस’! मिळाला तो भरपूर वाम माशाचा डीएनए.

दर्यावर्दी
वाम नव्हे हो. ती ईल. वाम समुद्रातली, दात बघितलेत का तिचे?

घाटमाथा
आमच्याकडे वाम नदीतच असते. पाठीवर काट्यांची रांग, धरताना हात फाटतो.

दर्यावर्दी
ती वेगळी. आमची वाम खाऱ्या पाण्यातली, हातभर लांब.

घाटमाथा
आणि अहीर? तो तर खरा ईल. नदीत वाढतो, अंडी घालायला समुद्रात जातो. माझे आजोबा त्यालाही मोठी वाम म्हणायचे.

पेट्रीबशी
म्हणजे तीन मासे आणि नाव एक. नोंदीत एकदा कुणी चुकीचं नाव घातलं की यंत्र पुढे तेच नाव सांगत राहतं, आणि ज्याची नोंदच नाही तो मासा नदीत असून नसल्यासारखा. पाणकावळा, पत्रकात वाम असेल तर कुठली, ते आधी ठरवा.

दर्यावर्दी
कुठली म्हणजे? वाम एकच, समुद्रातली. नदीतल्या त्या काटेवालीला दुसरं नाव शोधा.

घाटमाथा
आम्ही का शोधायचं? तुम्ही शोधा.