पाझर तलावातलं पाणी सॅटेलाइटवरून दिसतं का?

कोरडवाहू_गडी: आमच्या तलावाचं क्षेत्र दरवर्षी किती घटतं ते फुकटात बघता येईल का, की भुवनवर (इस्रोचं नकाशांचं संकेतस्थळ) नुसता नकाशाच मिळतो?

नकाशावेडा: येईल की. सेंटिनेल-२ या युरोपच्या सॅटेलाइटचा डेटा फुकट आहे, पिक्सेल १० मीटरचा म्हणजे एकरात साधारण ४० ठिपके, नि दर ५ दिवसांनी फेरी. पाणी इन्फ्रारेड किरणं शोषून घेतं म्हणून त्या फोटोत तलाव काळा दिसतो आणि काठ बरोबर कळतो.

कोरडवाहू_गडी: अन पावसाळ्यात? ढगच ढग असतात राव

रडारवाली: तेव्हा सेंटिनेल-१ घे, रडार आहे, ढगातून आरपार बघतं. फक्त वारा सुटून लाटा उठल्या की पाणी नि जमीन यात गोंधळ होतो. आणि खोली यातनं कळत नाही हां, गाळ किती साचलाय ते काठी टाकूनच बघ 😄