मदत हवी आहे : आजोबांच्या वहीतले ‘बाबा’ म्हणजे एअर कमोडोर मेहर सिंग असावेत का?

नमस्कार. माझे आजोबा हवाई दलात इंजिन फिटर होते आणि १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात १२ नंबरच्या स्क्वाड्रनच्या डाकोटा विमानांवर त्यांनी काम केले. निवृत्तीनंतर ते नागपुरातच राहिले. गेल्या महिन्यात त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली, तेव्हा खिशात मावेल एवढी एक वही हाती लागली. तेलाचे डाग पडलेल्या एका पानावर पेन्सिलने एवढेच लिहिले आहे : ‘२४ मे. लेह. बाबा स्वतः.’

आजोबा ताजबागेला, म्हणजे नागपुरातल्या ताजुद्दीनबाबांच्या दर्ग्याला, नेमाने जात, त्यामुळे हे ‘बाबा’ म्हणजे ताजुद्दीनबाबाच, असे घरात सगळे धरून चालले होते. मी मात्र ‘स्वतः’ या शब्दापाशी अडलो.

२४ मे १९४८ रोजी मेहर सिंग यांनी स्वतः डाकोटा चालवत, जनरल थिमय्यांना बरोबर घेऊन, लेहच्या नव्याने तयार केलेल्या कच्च्या धावपट्टीवर पहिले विमान उतरवले. लेह ११,००० फुटांहून अधिक उंचीवर आहे आणि वाटेतले डोंगर ओलांडण्यासाठी, हवेचा दाब राखण्याची सोय नसलेले ते विमान त्याहून कितीतरी वर न्यावे लागले. हवाई दलात त्यांना ‘मेहर बाबा’ म्हणत (नगरजवळच्या मेहेराबादचे मेहेरबाबा निराळे). त्याआधी पूंछला वेढा पडला असताना तेथील आखूड पट्टीवरही पहिली डाकोटा त्यांनीच उतरवली होती. दुसऱ्या महायुद्धात अराकान आघाडीवर ६ नंबरच्या स्क्वाड्रनचे नेतृत्व केल्याबद्दल त्यांना डीएसओ (डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर) हा ब्रिटिश लष्करी सन्मान मिळाला होता आणि काश्मीरमधील कामगिरीबद्दल महावीर चक्र. इतक्या हुद्द्याच्या माणसाने अशा उड्डाणात दुसऱ्या कोणाला पुढे न करता स्वतः विमान न्यावे, याचे एका फिटरला किती अप्रूप वाटले असेल, ते त्या एका शब्दावरून कळते, असे मला वाटते. १९५२ मध्ये विमान अपघातात त्यांचे निधन झाले.

जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. लेहच्या त्या उड्डाणात फिटरही बरोबर होते का, आणि थंडीत पुन्हा सुरू होणार नाहीत या धास्तीने विमानाची इंजिने चालूच ठेवली होती का? दुसरे म्हणजे, आजोबांचा सेवाक्रमांक माझ्याकडे आहे, परंतु आजी आणि वडील दोघेही हयात नाहीत. अशा वेळी सेवापुस्तिकेच्या नोंदी मिळवण्यासाठी नातवाने दिल्लीच्या अभिलेख कार्यालयाकडे थेट अर्ज करावा, की येथील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत? कोणी स्वतः असा अर्ज केला असल्यास नात्याच्या पुराव्यादाखल कोणती कागदपत्रे चालली, तेही कृपया सांगावे.