मदत हवी आहे: दमट हवेत जास्त टिकाऊ कोण, पॉइंट ३१५ रायफल की जुनी माउझर?

घर दादरला, समुद्राजवळ. परवान्यावर ईशापूरच्या सरकारी कारखान्याची पॉइंट ३१५ आहे, वापर फक्त रेंजवर. दर पावसाळ्यानंतर नेम एकाच बाजूला सरकतो आणि नळीत तपकिरी डाग दिसतात. ती विकून माउझर ९८ (जुनी जर्मन रायफल) घ्यावी का? की स्टेनलेसचं काही बघावं?

प्रतिसाद १
विकू नका. ३१५ची बोल्ट (काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा सरकता दांडा) ली-एनफील्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या धर्तीची: तिचे अडकणारे दात मागे असतात, जोड थोडे सैल असतात, त्यामुळे धूळ-चिखलात ती सहसा हटून बसत नाही. माउझरचे मुख्य दात पुढे. तिथल्या खाचांत वाळू गेली की बोल्ट पूर्ण बंद होत नाही. पण तिचा मोठा, पंजासारखा एक्स्ट्रॅक्टर (काडतूस ओढणारा आकडा) चिकटलेलं काडतूस उपसून काढतो, त्याला तोड नाही. तुमच्या दोन्ही तक्रारींचा मात्र बोल्टशी संबंधच नाही, म्हणून माउझर आणली तरी त्या तशाच राहतील.

नेम सरकतो तो बहुधा दस्त्याच्या लाकडामुळे. लाकूड ओल शोषून फुगतं आणि नळीला एका बाजूने रेटतं. रायफल रिकामी आहे याची खात्री करून नळी आणि पुढच्या लाकडात कागदाची पट्टी सरकवा, मे महिन्यात एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा. मेमध्ये सुटी फिरणारी पट्टी ऑगस्टमध्ये अडकली, तर दुखणं तिथेच. उपाय: लाकूड उतरवून नीट वाळू द्या आणि आतली बाजू, विशेषतः बट-प्लेटखालचं (खांद्याला टेकणाऱ्या पट्टीखालचं) कापलेलं टोक, पॉलियुरेथेनच्या तीन-चार पातळ हातांनी बंद करा. नुसतं जवसाचं तेल बाष्प अडवत नाही.

प्रतिसाद २
डागांबद्दल. जुन्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये (दारू पेटवणाऱ्या बुडाच्या टोपीत) पोटॅशियम क्लोरेट असेल तर बार उडाल्यावर नळीत क्षार उरतो. तो मिठासारखाच हवेतलं पाणी ओढतो. तेलात तो विरघळत नाही, म्हणून तेल लावूनही गंज येतो. त्याच दिवशी बोल्ट काढून मागच्या बाजूने गरम पाणी सोडा, कोऱ्या चिंध्या कोरड्या निघेपर्यंत पुसा, मगच तेलाचा पातळ हात. पुढच्या वेळी रेंजवर बार उडवण्याआधी ते तेल पुसायलाच हवं. नळीत साचलेलं तेल किंवा पाणी धोक्याचं.

चामड्याच्या किंवा फोमच्या केसमध्ये रायफल ठेवू नका, ओल आतच कोंडते. पोलादी कपाट, आत सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे). निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास.

धागाकर्ता
केस चामड्याचीच आहे, आजच बाहेर काढतो. स्टेनलेसचं काय?

प्रतिसाद १
गंज उशिरा येतो, पण खाऱ्या हवेत त्यालाही बारीक खड्डे पडतात; स्प्रिंग आणि स्क्रू बहुतेकदा साध्या पोलादाचेच असतात. शिवाय सामान्य परवानाधारकाला आयात बंद. त्यापेक्षा परवानाधारक गनस्मिथकडून हेडस्पेस (बंद बोल्ट आणि काडतूस यांतली जागा) तपासून घ्या. आणि बोल्ट दुसऱ्या ३१५ची कधीही बसवू नका, ती प्रत्येक रायफलीला जुळवलेली असते.