मदत हवी आहे: कालोच्या 'फाशी' या एचिंगमध्ये न्याय दिसतो की नुसती सत्ता?

जाक कालो या फ्रेंच चित्रकाराच्या युद्धाच्या यातनांवरच्या 1633 च्या एचिंग मालिकेवर (एचिंग म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून त्यावरून छापलेलं चित्र) कॉलेजसाठी मराठीत निबंध लिहितेय आणि एका चित्रापाशी पार अडकलेय. मोठ्या झाडाला ओळीने माणसं लटकलेली, शिडीवरच्या माणसाला पाद्री क्रॉस दाखवतोय, आजूबाजूला भालेवाल्या सैनिकांची शिस्तीत रांग आणि झाडाखाली कुणीतरी ढोलावर फासे टाकतंय. फाशी झालेले लुटारू स्वतःही सैनिकच, आधीच्या चित्रांमध्ये हेच लोक गावं लुटताना, जाळताना दिसतात.

चित्राखाली छापलेल्या फ्रेंच कवितेत लिहिलंय की हे चोर दुर्दैवी फळांसारखे झाडाला लटकलेत आणि दुष्टांना देवाचा न्याय भोगावाच लागतो, म्हणजे शिक्षा योग्यच. पण चित्र बघताना मला तसं अजिबात वाटत नाही, शिक्षा देणारेही त्याच सैन्यातले आणि मालिकेच्या शेवटी राजा दरबारात बक्षिसं वाटतोय!

म्युझियमच्या साइटवरचं स्कॅन झूम करून पाहिलंय, आख्खी मालिका क्रमाने बघितलीय, इंग्रजी लेखही वाचलेत. फ्रेंच येत नाही, मूळ प्रिंट बघायला मिळणं शक्य नाही. गोयाशी (युद्धावरच चित्रमालिका करणारा स्पॅनिश चित्रकार) तुलना सुचवू नका प्लीज, सरांनी एकाच मालिकेवर लिहायला सांगितलंय.

प्रिंटमेकिंग किंवा कलेतिहास शिकलेल्यांनी सांगा, कवितेची भूमिका हीच कालोची भूमिका असं धरता येतं का? आणि ते फासे टाकणारे कोण मानायचे, मरणाची वाट बघणारे कैदी की त्यांच्या कपड्यांवर डाव लावणारे सैनिक?