जर्मन मोडाल क्रियापदांचा पेर्फेक्ट: ‘गेमुस्ट’ कुठे आणि ‘म्युसन’ कुठे?

प्रश्न

मी जर्मनच्या बी१ पातळीचा अभ्यास करत आहे. परवा एका निबंधात ‘काल मला घरी जावे लागले’ या अर्थाने मी ‘इश बिन गेस्टर्न नाख हाउझे गेहन गेमुस्ट’ असे लिहिले. ‘गेहन’ (जाणे) हे पेर्फेक्टमध्ये, म्हणजे सहायक क्रियापद आणि कृदंत मिळून होणाऱ्या भूतकाळात, ‘झाइन’ (असणे) हे सहायक घेते म्हणून त्याचे रूप ‘बिन’, आणि ‘म्युसन’ (लागणे) या मोडाल, म्हणजे सक्ती, शक्यता किंवा इच्छा दाखवणाऱ्या, क्रियापदाचे कृदंत ‘गेमुस्ट’ म्हणून ते शेवटी, असा माझा हिशेब होता. वही परत आली तेव्हा ‘बिन’ आणि ‘गेमुस्ट’ या दोन्हींवर लाल रेघ होती आणि समासात ‘हाबे’ (‘हाबन’ या दुसऱ्या सहायकाचे रूप) व ‘म्युसन’ एवढेच दोन शब्द होते. पाठ्यपुस्तकाच्या तक्त्यात मात्र ‘गेमुस्ट’, ‘गेकोन्ट’, ‘गेवोल्ट’ ही रूपे ठळक अक्षरांत छापलेली आहेत. ती वापरायचीच नसतील तर पाठ कशासाठी करायची?

उत्तर १

वापरायची असतात, पण मोडाल क्रियापद एकटे असेल तेव्हाच. ‘इश हाबे दास निष्ट गेवोल्ट’, म्हणजे ‘मला हे नको होते’, या वाक्यात ‘वोलन’च्या (हवे असणे) जोडीला दुसरे क्रियापद नाही, म्हणून तेथे कृदंत येते. दुसऱ्या क्रियापदाचे मूळ रूप सोबत आले की मोडालही कृदंत सोडून मूळ रूपातच उभे राहते, आणि वाक्याच्या शेवटी दोन मूळ रूपे लागोपाठ येतात: ‘इश हाबे गेस्टर्न नाख हाउझे गेहन म्युसन’. कृदंताच्या जागी आलेल्या या रूपाला जर्मन व्याकरणात ‘एर्झात्सइन्फिनिटिफ’, म्हणजे बदली मूळ रूप, असे नाव आहे.

गंमत अशी की आपल्या वाक्यातून ‘गेहन’ काढून टाकले आणि ‘बिन’चे ‘हाबे’ केले, तर तेच ‘गेमुस्ट’ बरोबर ठरते. कुठे जायचे ते ‘नाख हाउझे’ने कळतेच, म्हणून जर्मन माणूस गतिवाचक क्रियापद सहज गाळतो आणि ‘इश हाबे गेस्टर्न नाख हाउझे गेमुस्ट’ असे म्हणतो.

‘लासन’ (करवून घेणे) हे क्रियापदही याच वाटेने जाते: ‘सायकल दुरुस्त करून घेतली’ हे सांगताना शेवटी ‘रेपारीरन लासन’ येते, ‘गेलासन’ नव्हे.

उत्तर २

‘बिन’ का चुकले, हे मराठीतूनच चांगले समजते. आपण ‘मी गेलो’ म्हणतो, पण ‘लागणे’ आले की ‘मला जावे लागले’ म्हणतो. तेथे ‘मी’चे ‘मला’ होते, कारण वाक्याची सूत्रे ‘जाणे’च्या हातून ‘लागणे’च्या हाती गेलेली असतात. जर्मनमध्येही सहायक क्रियापद मोडालच्या मालकीचे असते, आणि मोडालला नेहमी ‘हाबन’च लागते, मग आतले क्रियापद ‘गेहन’ असो, ‘कोमन’ (येणे) असो की ‘ब्लाइबन’ (राहणे).

खरी अडचण गौण वाक्यात येते. ‘वाइल’ने (कारण) सुरू होणाऱ्या वाक्यात चालवलेले, म्हणजे कर्त्याप्रमाणे बदललेले, क्रियापद अगदी शेवटी जाते, हे आपण पहिल्या पातळीपासून घोकलेले असते, पण शेवटी दोन मूळ रूपे असली की ‘हाबे’ त्यांच्या मागे न जाता पुढे येऊन थांबते: ‘वाइल इश गेस्टर्न नाख हाउझे हाबे गेहन म्युसन’. मी स्वतः कित्येक महिने हे ‘हाबे’ शेवटी ढकलत होतो, आणि दर वेळी वाक्य नियमाला धरूनच आहे असे मला वाटत होते.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. ‘गेमुस्ट’चा उलगडा झाला. मग ‘एर मुस गेआर्बाइटेट हाबन’ हे वाक्य कोणत्या खणात बसवायचे? येथेही मोडाल आहे आणि ‘हाबन’ही आहे.

उत्तर १

तो वेगळाच खण आहे. ‘एर हाट आर्बाइटन म्युसन’ म्हणजे ‘त्याला काम करावे लागले’. ‘एर मुस गेआर्बाइटेट हाबन’ म्हणजे ‘त्याने काम केले असणार’. पहिल्यात सक्ती भूतकाळातली आहे. दुसऱ्यात काम भूतकाळातले आहे, पण ‘मुस’ वर्तमानात आहे, कारण तर्क बोलणारा आत्ता करत आहे. या दोघांची गल्लत झाली तर वाक्य व्याकरणशुद्ध राहूनही भलतेच सांगते, म्हणून परीक्षेच्या दृष्टीने मी या जोडीकडे अधिक लक्ष देईन.

उत्तर ३

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. भूतकाळ सांगताना मोडालसाठी बहुतेक जर्मन लोक बोलतानाही प्रेटेरिटुम, म्हणजे सहायकाशिवायचा साधा भूतकाळच वापरतात: ‘इश मुस्टे नाख हाउझे गेहन’. पेर्फेक्टचा हा प्रकार दक्षिण जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड येथील बोलण्यात अधिक ऐकू येतो. निबंधात ‘मुस्टे’, ‘कोन्टे’, ‘वोल्टे’ लिहिले असते तर ना सहायक क्रियापदाचा प्रश्न आला असता, ना शब्दक्रमाचा.

तरीही दोन मूळ रूपांची सवय सोडू नये, कारण ‘मी जायला हवे होते’ हे सांगायला जर्मनमध्ये ‘इश हेटे गेहन झोलन’ हीच रचना लागते, आणि तेथे ‘झोलन’च्या नुसत्या ‘झोल्टे’ या रूपाने काम भागत नाही.