क्रीपीपास्त्याला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: दिवाळी अंकासाठी इंटरनेटवरच्या भुताखेतांच्या गोष्टींवर लेख लिहिते आहे. 'अर्बन लेजंड' आणि 'क्रीपीपास्ता' (इंटरनेटवर कॉपी होत फिरणारी भीतीदायक गोष्ट) हे शब्द सारखे येतात. पहिल्याला मी 'शहरी दंतकथा' म्हटलंय. दुसऱ्यालाही दंतकथाच म्हणावं का? संपादकांना 'भयकथा' पुरेसा वाटतो, मला पटत नाही. अंक पुण्याचा आहे, तेव्हा इथली उदाहरणं दिलीत तर बरं होईल.

उत्तर: ताई, दंतकथा नको आणि नुसतं भयकथाही नको. फरक कळायला 'म्हणे' हा आपला शब्द कामाला येतो.

शनिवारवाडा घ्या. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा तिथे खून झाला, हा इतिहास. अमावस्येच्या रात्री अजून 'काका, मला वाचवा' ऐकू येतं म्हणे, ही दंतकथा. (कोणी पौर्णिमा सांगतात. दंतकथेला एवढी मुभा असतेच.) सांगणारा 'मी ऐकलं' म्हणत नाही. 'म्हणे' लावतो आणि खऱ्याखोट्याचा भार लोकांवर सोडतो.

अर्बन लेजंडमध्ये साक्षीदार थोडा जवळ येतो. ही संज्ञा सामान्य वाचकांपर्यंत नेली ती जॅन हॅरल्ड ब्रुनव्हांड या अमेरिकन लोकसाहित्याच्या अभ्यासकाने, १९८१ पासूनच्या पुस्तकांमधून. त्यांनी दाखवलं की अशा गोष्टी बहुतेक वेळा 'मित्राच्या मित्रा'च्या बाबतीत घडलेल्या असतात. आपल्याकडे तो 'भावाच्या ऑफिसातला एकजण' असतो. रात्री घाटात पांढऱ्या साडीतली बाई हात करते, गाडीत बसते आणि पुढच्या वळणावर मागची सीट रिकामी! पुण्यात ती कात्रजची, साताऱ्याच्या वाटेवर खंबाटकीची, कोकणात उतरताना कशेडीची. घाटातल्या बाईला 'शहरी' म्हणणं माझ्या कानाला खटकतं, म्हणून मी 'ऐकीव कथा' म्हणेन.

क्रीपीपास्त्यात 'म्हणे' नाही आणि मित्राचा मित्रही नाही. तिथे थेट 'मी' बोलतो, नाहीतर पुरावा बोलतो. कॉपी-पेस्टवरून 'कॉपीपास्ता', म्हणजे जसाच्या तसा उचलून फिरवलेला मजकूर. त्याला 'क्रीपी' जोडून २००७च्या आसपास हा शब्द रुळला. खाण्याच्या पास्त्याशी संबंध नाही. स्लेंडरमॅन या इंटरनेटवर जन्मलेल्या काल्पनिक भुताची जन्मकथा लेखात जरूर घ्या. १० जून २००९ रोजी एरिक नुडसेन यांनी बनवलेले दोन कृष्णधवल फोटो 'समथिंग ऑफुल' या संकेतस्थळावर टाकले. पुढे मुलं, मागे सूट घातलेली, हातपाय नको तितके लांब असलेली आकृती. खरी करामत फोटोखालच्या ओळींत होती. एकीत १९८३ साल आणि फोटो काढणारा अज्ञात, बहुधा मेलेला. दुसरीत फोटो काढणारी बाई १९८६ पासून बेपत्ता. गोष्ट अशी सांगितलेलीच नाही, फक्त नोंद केल्यासारखं लिहिलंय, आणि म्हणूनच ते अंगावर येतं.

पुढे कॉपी होत गेलं की लेखकाचं नाव गळतं आणि 'मी' तेवढा उरतो. आपल्या व्हॉट्सअॅपवरच्या मजकुरात 'काल रात्री कात्रजच्या बोगद्यात' असं असतं. तो 'काल' वर्षानुवर्षं कालच राहतो, कारण पुढे पाठवणारा बोगदा बदलेल, 'काल' बदलणार नाही.

हे फक्त शब्दांपुरतं नाही. ३१ मे २०१४ रोजी अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या वॉकेशा इथे बारा वर्षांच्या दोन मुलींनी स्लेंडरमॅनला खूश करायला आपल्याच मैत्रिणीवर चाकूने १९ वार केले. ती वाचली. आपण भयकथा वाचतोय हे भयकथेच्या वाचकाला ठाऊक असतं. क्रीपीपास्ता तेच झाकून ठेवतो. संपादकांना हे एवढं जरूर सांगा.

आता शब्द. 'आवई' आणि 'भुमका' या उठतात, त्यांना कर्ता लागत नाही आणि कथानकही नसतं. 'हाकामारी आलीये, रात्री नावाने हाक आली तर ओ देऊ नका' ही आवई. 'वदंता' फार भारदस्त. उरते 'कंडी'. कंडी *पिकवतात*, म्हणजे मागे कोणीतरी जाणूनबुजून रचणारा असतो आणि ती खरी म्हणूनच सोडलेली असते. म्हणून मी 'भयकंडी' सुचवतो.

दुसरं मत: कंडी पिकवण्यात खोडसाळपणा आहे. रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर 'नोस्लीप' या भयकथांच्या गटात लिहिणारे हौशी लेखक आहेत, ते कोणाला फसवत नाहीत. शिवाय विशीतल्या किती मुलांना कंडी कळेल?

उत्तर: नोस्लीपबद्दल मान्य. तिथे सगळं खरं मानूनच बोलायचं हा उघड नियम आहे, लेखकाचं नावही सोबत असतं. तिथल्या गोष्टीला 'प्रथमपुरुषी भयकथा' म्हणावं. नाव गळून, खरी म्हणून हातोहात फिरायला लागली की तीच भयकंडी. गोष्ट तीच, फिरण्याची तऱ्हा वेगळी, आणि मराठीत हा फरक दाखवता येतो याचा मला आनंद वाटतो. खोडसाळपणाची छटा मला हवीच आहे. मुलांचं म्हणाल तर 'कंड्या पिकवू नकोस' हे माझ्या भाच्यांना अजून घरात ऐकायला मिळतं.

ताई, लेखात पहिल्यांदा 'क्रीपीपास्ता' लिहून पुढे 'भयकंडी' वापरा. क्रीपीपास्ता पुल्लिंगी ठेवा आणि सामान्यरूप 'क्रीपीपास्त्या-' करा, 'क्रीपीपास्ताला' नको. भयकंडी स्त्रीलिंगी, अनेकवचन भयकंड्या.